बाळ घरी आलं, आणि वाघ्या गुरगुरला

आई-बाबांनो, ज्यांच्या घरात पाळणा हलतो आहे आणि त्याच पाळण्याजवळ एखादं कुत्रं किंवा मांजरही बसलेलं आहे, त्यांच्याशी आज मनातलं बोलायचं आहे. जे बोलणार आहे त्यातलं बरंचसं मी चुकत चुकत शिकले. तुम्हाला तेवढं चुकावं लागू नये, एवढीच इच्छा आहे.

माझं सासर जळगावला, पिंप्राळ्यात. माहेर धुळ्याला, पांझरेपलीकडे देवपुरात. पारोळा-एरंडोलवरून गेलं तर मधलं अंतर 90 किलोमीटरच्या आसपास. लग्नानंतर पहिल्याच वर्षी आम्ही एक गावठी पिल्लू घरी आणलं. तांबूस रंगाचं, एक कान पडलेलं. नाव ठेवलं वाघ्या. मूल व्हायला आम्हाला पुढे सात वर्षं लागली. दवाखान्यांच्या खेपा घालून रिकाम्या हातांनी परतायचे, तेव्हा दारात शेपटी हलवत उभा असायचा तो वाघ्याच.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात मी धुळ्याला गेले. मार्चमध्ये मुलगी झाली. सव्वा महिना झाल्यावर निघायचं ठरत होतं, पण आई म्हणाली, आता आखाजी करूनच जा. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी हवीच. त्यामुळे जळगावला परतायला मे महिना उजाडला. ऊन 44 अंशांच्या पुढे.

इकडे वाघ्याचं बिनसल्याचं यजमान फोनवर सांगायचे. नीट खात नाही, दिवसभर फरशीवर पडून असतो, रात्री रडतो. शेजारचे म्हणाले, कुत्रं दारात रडतंय, हे बरं नाही, त्यातून घरात बाळ यायचंय. मग त्याला रात्री गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बांधायला सुरुवात झाली. आम्ही सगळे धरून चाललो होतो की त्याला माझी आठवण येते आहे.

घरात पाऊल ठेवलं तसा तो धावत आला, माझे पाय चाटले. तेवढ्यात माझ्या कडेवरची मुलगी रडली आणि वाघ्या जागच्या जागी ताठ झाला. कान मागे गेले. घशातून बारीक गुरगुर आली. सात वर्षांत मी त्याचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो बैठकीच्या खोलीत मुतला. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पट्टा धरून त्याला बाजूला ओढलं, तर हवेत दात वाजवले. चावला नाही, पण घर हादरलं.

मग सल्ले सुरू झाले. ‘बाळावर जळतोय.’ ‘मळ्यात सोडून द्या.’ ‘तुम्हाला लेकरू महत्त्वाचं का कुत्रं?’ हा शेवटचा प्रश्न ओल्या बाळंतिणीला कोणी विचारू नये. मी रात्री आईला फोन केला आणि रडले. आई शांतपणे म्हणाली, “तो बी जीवच शे ना वं पोरी. पहिले डाक्टरले दखाड.”

दाखवलं. जनावरांच्या डॉक्टरांनी आधी पायांच्या बोटांच्या बेचक्या उघडल्या. त्यात गोचीड. पडलेल्या कानाच्या आत गोचीड. हिरड्या पांढुरक्या, अंगात ताप. रक्त तपासलं तर प्लेटलेट उतरलेल्या. गोचीडताप होता तो. शिवाय तो कान आतून पिकलेला, म्हणजे पट्टा ओढला की कळ थेट डोक्यात जात असणार. मत्सर म्हणून आम्ही ज्याला नाव ठेवलं, ते महिनाभराचं दुखणं होतं. त्याला बोलता येत नव्हतं आणि आम्ही बघितलं नव्हतं.

म्हणून पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ही: जनावराचं वागणं अचानक बदललं, तर आधी त्याचं दुखणं शोधा, मग स्वभावाला बोल लावा. घरात मुतू लागलं तर लघवीचा संसर्ग असू शकतो. हात लावला की गुरगुरू लागलं तर सांधे, दात किंवा कान दुखत असू शकतो. बोका वारंवार मातीच्या पाटीत बसतो, कुंथतो आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मूत्रमार्ग तुंबलेला बोका दोनतीन दिवसांत दगावू शकतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात गोचीड फार. ही तपकिरी गोचीड कुत्र्याचं रक्त पिऊन खाली पडते आणि भिंतीच्या भेगांत, चौकटीच्या सांध्यांत हजारो अंडी घालते. जुन्या धाब्याच्या घरांत तर तिला लपायला जागाच जागा. तेव्हा नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही, भेगा बुजवाव्या लागतात, त्याचं अंथरूण कडक उन्हात टाकावं लागतं. अंगावरची गोचीड चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. बोटांनी चिरडू नये, रॉकेल तर मुळीच लावू नये. पावडर, फवारा जे काही वापराल ते डॉक्टरांना ‘घरात तान्हं बाळ आहे’ हे सांगून घ्या, आणि औषध वाळेपर्यंत जनावर बाळापासून लांब ठेवा. कुत्र्यासाठीची गोचिडांची काही औषधं मांजराला विषारी ठरतात, हेही लक्षात असू द्या.

आता दुसरी गोष्ट. परदेशातल्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की आई दवाखान्यातून दोन दिवसांनी बाळ घेऊन येते, तेव्हा कुत्र्याची ओळख कशी करून द्यावी. आपली रीत वेगळी आहे. आपल्याकडे बाई सातव्या महिन्यात माहेरी जाते आणि चारपाच महिन्यांनी परतते. जनावराच्या दृष्टीने त्याचं माणूस हरवतं, आणि परत येतं तेव्हा वेगळ्या वासाचं, वेगळ्या आवाजाचं, हातात एक रडणारा जीव घेऊन. दोन धक्के एकाच दाराने आत येतात.

यावर उपाय सोपा आहे. तो मला उशिरा सुचला. बाळाचे बाबा रविवारी भेटायला येतात ना? परत जाताना त्यांच्यासोबत बाळाचं एक वापरलेलं दुपटं पाठवा. कुत्र्याला ते लांबून हुंगू द्या, हुंगताना त्याच्याशी गोड बोला, काहीतरी आवडीचं खायला द्या. बाळाचं रडणं मोबाइलवर टिपून घरी हळू आवाजात वाजवा, रोज थोडं थोडं वाढवत न्या. पाळणा आधीच बांधून ठेवा. बाळ आल्यावर जे नियम लागू होणार आहेत, म्हणजे खोलीत यायचं नाही, बाजेवर चढायचं नाही, ते दोन महिने आधीपासून लावा. नाहीतर सगळं बंद झालं ते बाळामुळेच, असं त्याच्या मनात बसतं.

घरी पोहोचाल त्या दिवशी बाळ दुसऱ्या कोणाकडे तरी द्या आणि आधी एकट्या आत जा. त्याला भेटा, त्याचा आनंद ओसरू द्या. मग त्याला साखळी लावून, लांबून बाळ दाखवा. बाळाकडे बघून तो शांत राहिला की खाऊ. बाळ जवळ असताना कुत्र्याला सतत ‘हट, हट’ केलं, तर बाळ म्हणजे ओरडा, एवढंच ते शिकतं.

जुन्या घरांत गोठा होता, ओटा होता, अंगण होतं. जनावराला स्वतःची जागा होती. दोन खोल्यांत राहणाऱ्या आपल्याला ती करून द्यावी लागते. आम्ही जिन्याखाली पोतं अंथरलं, पाण्याचं भांडं ठेवलं आणि ठरवलं की वाघ्या तिथे असताना त्याला कोणी हात लावायचा नाही. ती जागा सावलीत आणि हवेशीर हवी. मे महिन्यात पत्र्याखाली बांधलेलं कुत्रं उष्माघाताने मरू शकतं. आम्ही त्याला तिथे बांधत होतो, याची टोचणी मला अजून आहे.

आणि गुरगुरल्याबद्दल मारू नका. गुरगुर म्हणजे ‘मला जमत नाहीये, लांब व्हा’ हे सांगणं. त्याच्याही आधी कुत्रं काही सांगत असतं: तोंड फिरवतं, उगीच जांभई देतं, ओठ चाटतं, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतं, अंग ताठ करतं. मार खाऊन गुरगुर बंद झालेलं कुत्रं पुढच्या वेळी इशारा न देता चावू शकतं.

पण प्रेमात आंधळंही होऊ नका. कितीही गरीब, कितीही जुनं जनावर असलं तरी तान्हं बाळ आणि ते, दोघंच एका खोलीत एक मिनिटही नकोत. दूध उतू जातंय म्हणून उठलात तरी बाळ उचलून न्या किंवा दार लावून जा. बाळ रांगायला लागलं की काळजी दुप्पट करा. तोवर लांब असलेलं बाळ आता ताटलीपाशी येतं, शेपटी ओढतं. जनावराची ताटली बाळाच्या वाटेतून हलवायची वेळ ती.

रेबीजच्या बाबतीत तडजोड नाही. कुत्र्याला आणि मांजरालाही तीन महिन्यांचं झाल्यावर लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुढचा डोस आणि दर वर्षी. कार्ड बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाशेजारीच ठेवा. तरीही दात किंवा नख लागलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही भरू नका. लगेच दवाखाना गाठा. रक्त आलं असेल, किंवा जनावराची लाळ बाळाच्या तोंडात, डोळ्यांत, फुटलेल्या कातडीवर गेली असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही लागतं. जळगावच्या आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांसह सरकारी दवाखान्यांत ही लस मोफत मिळते. ‘घरचंच कुत्रं आहे, दहा दिवस बघू’ असं म्हणून लस लांबवू नका.

जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, पिल्लू असेल तर डॉक्टर सांगतील तसं अधिक वेळा. कुत्र्या-मांजराच्या विष्ठेतली जंतांची अंडी मातीत मिसळतात आणि रांगणाऱ्या बाळाच्या मुठीतून तोंडात जातात. मांजर असेल तर गरोदरपणी तिची मातीची पाटी दुसऱ्या कोणी साफ करावी, आणि ती रोज करावी. टोक्सोप्लाझ्मा नावाचे जंतू मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर लागण होण्याजोगे व्हायला निदान एक दिवस लागतो. रोजची सफाई म्हणूनच उपयोगी. त्यासाठी मांजर घराबाहेर काढायची गरज नसते. झोळीत किंवा पाळण्यात मात्र तिला शिरू देऊ नका. उबेला ती बाळाला बिलगून बसते आणि बाळाला तोंड बाजूला करता येत नाही. खोलीचं दार लावलेलं बरं.

बाळंतिणीच्या लाडवांचंही सांगते. त्यात मनुका, बेदाणे असतील तर लाडू कुत्र्याच्या तोंडी पडू देऊ नका. त्यामुळे कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. कांदा-लसणाचा रस्साही नको. बाळाला लस टोचल्यावर घरात पॅरासिटामॉलचे थेंब येतात. ते मांजराला कधीही पाजू नका. तिला ते जीवघेणं ठरतं.

आता बाळाच्या आईशी दोन शब्द. मुलगी नुकती झोपायची आणि वाघ्याच्या नखांचा आवाज फरशीवर वाजायचा, तेव्हा मला त्याचा भयंकर राग यायचा. ज्याने मला सात वर्षं सोबत केली त्याचा मला राग येतो, याची मग लाज वाटायची. बाई, तुम्हालाही असं होत असेल तर स्वतःला दोष देऊ नका. झोप नसलेलं शरीर असंच वागतं. तुमच्या वाट्याचं जनावराचं काम काही महिने दुसऱ्याने उचलायचं. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळचं फिरवणं यजमानांनी घेतलं, औषध सासूबाईंनी घेतलं. ज्यांना त्याने दात दाखवले होते त्याच सासूबाई चार आठवडे भाकरीच्या तुकड्यात गोळी दडवून त्याला भरवत होत्या. माझ्याकडे राहिली फक्त दहा मिनिटं, मुलीला दूध पाजून झाल्यावर जिन्यापाशी बसून त्याच्या मानेवरून हात फिरवायची. तेवढी त्याला पुरली. मलाही पुरली.

बाबांनो, हे तुमच्याच हातात आहे. कुत्रं ठेवायचं की नाही याचा निवाडा बाळंतिणीवर टाकू नका. तिला दिवसाचा अर्धा तास मोकळा करून द्या.

सगळं करूनही काही घरांत जमत नाही. जनावर बाळावर टक लावून दबा धरत असेल, किंवा चावलं असेल, तर वेगळं ठेवणंच शहाणपणाचं. तेव्हा त्याला सांभाळणारं, त्याचा स्वभाव माहीत असलेलं माणूस शोधा, आणि त्या माणसाला सगळं खरं सांगा. मळ्यात किंवा महामार्गाकडेला सोडून येऊ नका. उपाशी-तहानलेलं मरेल अशा जागी जनावर टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी ते चूकच होतं.

वाघ्या दोन आठवड्यांत खायला लागला. कान बरा व्हायला महिना लागला. गुरगुर थांबली. आमचा नियम मात्र थांबलेला नाही: मुलगी आणि तो एकत्र असले की मधे एक मोठं माणूस असतंच.

एक विनंती करून थांबते. आज संध्याकाळी बाळ झोपलं की दोघांपैकी एकजण आपल्या मुक्या जिवापाशी बसा. त्याचे कान आतून बघा, बोटांच्या बेचक्या उघडून बघा, हिरडीचा रंग बघा आणि लसीच्या कार्डावरची शेवटची तारीख वाचा. काही वेगळं दिसलं तर उद्या सकाळीच डॉक्टरांकडे न्या.