संमोहन उपचार : धंदा निवडण्यापूर्वी हिशेब मांडा

आजकाल संमोहन शिकवणाऱ्या वर्गांच्या जाहिराती बऱ्याच दिसतात. दोन-चार दिवसांचे प्रशिक्षण, हातात प्रमाणपत्र आणि लगेच स्वतःचे केंद्र! रोजगाराच्या शोधात असलेले आपले तरुण आणि त्यांचे पालक अशा जाहिरातींकडे ओढले जातात. फी भरण्यापूर्वी या व्यवसायाचा नफा-तोटा नीट समजून घेतला पाहिजे.

संमोहन म्हणजे जादू नव्हे, झोपही नव्हे. माणूस जागाच असतो. त्याचे लक्ष एका ठिकाणी एकवटते आणि त्या अवस्थेत त्याला दिलेली सूचना मन लवकर स्वीकारते. 1845 मध्ये जेम्स एस्डेल नावाच्या इंग्रजी अमदानीतील सर्जनने बंगालमध्ये हुगळी येथे संमोहनाचीच जुनी रीत, मेस्मेरिझम, वापरून शस्त्रक्रिया केल्या. 1846 मध्ये कलकत्त्यात त्याला या प्रयोगासाठी छोटे रुग्णालयही मिळाले. पण त्याच सुमारास ईथर आणि 1847 मध्ये क्लोरोफॉर्म आले. ही औषधे जवळजवळ प्रत्येकावर चालत, मेस्मेरिझम काहींवरच चाले. खात्रीचा माल बाजारात आला की बेभरवशाच्या मालाची मागणी घटते, हा तिजारतीचा नियम येथेही लागू पडला.

मग आज संमोहनाला गिऱ्हाईक कोठे आहे? पोटाच्या एका चिवट विकारात, ज्यात तपासणीत दोष सापडत नाही पण कळा, जुलाब किंवा बद्धकोष्ठ छळतात, त्याचा उपयोग दिसला आहे. मँचेस्टरच्या डॉक्टरांनी 1984 मध्ये यावरील अभ्यास प्रसिद्ध केला. 2008 पासून इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शनात, वर्षभर औषधांनी गुण न आल्यास ज्या मानसिक उपचारांचा विचार करावा असे सांगितले आहे, त्यांत संमोहनही आहे. वेदना व दातांच्या उपचाराची भीती यांतही ते वापरतात. उलट, सिगारेट सोडवण्याच्या दाव्याला 2019 च्या मोठ्या आढाव्यात पुरेसा पुरावा मिळाला नाही.

धोकाही ओळखावा. संमोहनात आठवणी उकरताना न घडलेली गोष्ट खरी वाटू लागते. अमेरिकेत 1980 व 1990 च्या दशकांत अशा ‘आठवणीं’वरून मुलांनी आईबापांवर आरोप केले, घरे मोडली, खटले झाले. वेडाचे झटके किंवा भास होणाऱ्या रुग्णावर अर्धवट शिकलेल्याने हात घातला, तर त्याची खरी औषधे सुटतात आणि दुखणे बळावते.

आता शिक्षणाचा प्रश्न. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2003 मध्ये संमोहनाला योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनी वापरावयाची उपचारपद्धती मानले. स्वतंत्र वैद्यकशास्त्राचा दर्जा दिला नाही. म्हणून केवळ संमोहनाच्या प्रमाणपत्रावर नावाआधी ‘डॉक्टर’ लावता येत नाही. खरे रस्ते दोन. पहिला, एम.बी.बी.एस. आणि पुढे मनोविकारशास्त्र. दुसरा, मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण, त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले क्लिनिकल प्रशिक्षण व नोंदणी. दंतवैद्यही आपल्या कामापुरते संमोहन शिकू शकतात. पाया आधी, संमोहन नंतर. संमोहन हे अस्तर आहे. मूळ कापडाशिवाय नुसत्या अस्तराचा कोट शिवता येत नाही.

कमाईचा हिशेबही वेगळा आहे. येथे विकायचा माल म्हणजे आपला वेळ. एका बैठकीला पाऊण ते एक तास लागतो. दिवसाला पाच रुग्ण पाहिले तरी दिवस संपतो, आणि रिकामा गेलेला तास गोदामात ठेवून उद्या विकता येत नाही. शिवाय बरा झालेला रुग्ण परत येत नाही. म्हणून नवे रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरांचा भरवसा हेच या धंद्याचे भांडवल. ते जमायला काही वर्षे लागतात. तोपर्यंत रुग्णालयात किंवा समुपदेशनाच्या नोकरीत राहणे शहाणपणाचे. हमखास गुणाची जाहिरात तर करूच नये. सेवेची फसवी जाहिरातही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते.

वर्गात नाव घालण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : प्रमाणपत्राला मान्यता कोणाची? शिकवणाऱ्याची मूळ पदवी कोणती? प्रत्यक्ष रुग्णांसोबत, जाणकाराच्या देखरेखीखाली किती काम करायला मिळेल? समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर पैसे खिशातच ठेवावेत. कापड खराब निघाले तर थान परत घेता येते; बिघडलेले मन परत घेता येत नाही. हा हुनर जरूर शिका, पण पुरी मुदत देऊन शिका.