रनवे टाइप कसा करतात?

प्रश्न : वडील तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरीला लागले आणि आम्ही बोईसरचे झालो. आजी मात्र मूळची पुण्याची. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत खाकी साडीतला एक फोटो आणि पेन्सिलीच्या रेघोट्यांनी भरलेली एक वही सापडली. महायुद्धाच्या काळात ती किरकीला एमईएसच्या कचेरीत स्टेनो होती, एवढंच आम्हाला ठाऊक. ‘मी रनवे टाइप केलाय,’ असं ती म्हणायची आणि आम्ही हसायचो. ती नेमकं काय करत असेल? आणि तिला लष्करातली म्हणायचं का?

उत्तर : तुम्ही हसलात, पण आजी अगदी नेमकं बोलत होत्या.

एमईएस म्हणजे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस. 1923 साली सुरू झालेलं हे खातं लष्करासाठी बराकी, रस्ते, पाण्याच्या टाक्या, दवाखाने बांधतं. मार्च 1942 मध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेलं आणि सरकारची धावपळ उडाली. देशभरात दोनशेच्या वर विमानतळांचं काम हाती घेतलं गेलं. लोहगावचा विमानतळ त्याच्या थोडा आधीचा, 1939 चा. तुमच्या जवळचं उदाहरण हवं तर कल्याणजवळच्या नेवाळीचं घ्या. तिथली धावपट्टी याच युद्धातली आणि तिच्यासाठी घेतलेल्या जमिनीचा वाद अजून धुमसतो. जून 2017 मधलं शेतकऱ्यांचं आंदोलन तुम्ही वाचलं असेलच.

आता रनवे टाइप कसा होतो ते पाहू. जमिनीवर पहिलं फावडं पडण्याआधी तो कागदावर पुरा व्हावा लागतो. साहेब मजकूर सांगणार, स्टेनो तो लघुलिपीत उतरवून घेणार, मग मशीनवर बसणार. जमिनीचे सर्व्हे नंबर, खोदाई, मुरूम, दगडी सोलिंग, खडी, रोलर, मजुरी, असं प्रत्येक कलम एकाखाली एक. खडी ब्रासमध्ये, आणि ब्रास म्हणजे शंभर घनफूट. बांधकामाची खडी-वाळू तुमच्या बोईसरमध्ये आजही ब्रासनेच मागवतात. पैसे मात्र तेव्हा रुपये, आणे, पै अशा तीन रकान्यांत. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. एका पानावर अशा तीसेक ओळी, आणि बेरीज जुळलीच पाहिजे. एक शून्य जास्त पडलं तर दहापट खडी.

खरी परीक्षा नकलांची. साहेबाला एक, हिशेबखात्याला एक, वरच्या कचेरीला एक, कंत्राटदाराला एक, फाइलला एक. मशीनमध्ये वरचा जाड कागद, त्याखाली कार्बन, मग पातळ कागद, पुन्हा कार्बन, अशी चळत चढवायची. अक्षरं जोरात ठोकायची, नाहीतर पाचव्या प्रतीवर नुसती सावली. चूक झाली तर वरच्या प्रतीवर रबर घासून भागत नसे. प्रत्येक कार्बनच्या वर कागदाचा एक कपटा सरकवायचा, म्हणजे घासताना खालच्या प्रतीवर डाग उठत नाही. मग एकेक प्रत खोडायची, कपटे काढायचे आणि तेच अक्षर त्याच जागी पुन्हा ठोकायचं. एका चुकीच्या आकड्याला पाच मिनिटं जात. याहून जास्त प्रती हव्या असतील तर मेणकागदावर स्टेन्सिल कापायची आणि सायक्लोस्टाइल काढायचं. डिलीटचं बटण दाबणाऱ्या पिढीला हे सांगून पटणार नाही, पण त्या बायकांची बोटं सुरेख चालत आणि चुकाही कमी होत. चूक महागात पडते म्हटल्यावर माणूस आपोआप सावध होतो.

तुमचा दुसरा प्रश्न फोटोवरून सुटेल. एमईएसमध्ये तेव्हाही नागरी कारकून होते, आजही आहेत, पण त्यांना गणवेश नसे. आजींच्या अंगावर खाकी साडी आहे, म्हणजे त्या बहुधा विमेन्स ऑक्झिलरी कोअर, इंडिया या दलात होत्या. हे दल 1942 मध्ये उभं राहिलं. ब्रिटिश, अँग्लो-इंडियन आणि आपल्याकडच्या मुली त्यात होत्या; संख्या अकरा हजारांच्या आसपास गेली. आपल्या मुलींना स्कर्टऐवजी खाकी साडीची मुभा होती. टायपिंग, टेलिफोन एक्स्चेंज, गुप्त संदेशांची सांकेतिक लिपी, मोटार चालवणं, अशी कामं त्यांच्याकडे. भिंगातून फोटो बघा. खांद्यावर पितळी अक्षरं दिसली तर शंका नको. तेव्हा हो, त्या लष्करातल्याच. 1947 मध्ये हे दल मोडलं आणि त्यानंतर वैद्यकीय व शुश्रूषा शाखा सोडल्या तर भारतीय सैन्याची दारं स्त्रियांना उघडली ती 1992 मध्ये. मधली पंचेचाळीस वर्षं आजींसारख्या बाईला ‘मी सैन्यात होते’ म्हणायची सोयच नव्हती. ऐकणाऱ्याला ते खोटंच वाटलं असतं.

आजी घरात यावर फार का बोलल्या नाहीत, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला सांगावंसं वाटतं. 1923 चा सरकारी गोपनीयतेचा कायदा हे एक कारण असेल. गुप्त मजकुराचे कार्बन आणि रद्द झालेले कागद जाळायचे असत, कारण वापरलेला कार्बन उजेडात धरला की सगळं वाचता येतं. पण माझा तर्क दुसऱ्याच दिशेने जातो. ज्या 1942 मध्ये हे दल निघालं त्याच वर्षी 14 ऑगस्टला पालघरच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच तरुण गेले. हुतात्मा स्तंभापुढे आजही दर 14 ऑगस्टला गाव जमतं. त्या गावाच्या शेजारी राहायला आलेल्या बाईने ‘मी तेव्हा इंग्रजांच्या कचेरीत होते’ असं कुणापुढे आणि कशाला सांगावं? पगाराची गरज होती, काम हातचं होतं, आणि समोर जपानी होते, हिटलर होता. हे सगळं एका वाक्यात बसत नाही. रनवेचं वाक्य त्यापेक्षा सोपं होतं. त्यात मी तरी त्यांना दोष देणार नाही.

आता त्या रेघोट्या. ती पिटमनची लघुलिपी आहे, आयझॅक पिटमन या इंग्रजाने 1837 मध्ये काढलेली. ती कानाने लिहायची. ‘प’ आणि ‘ब’ची रेघ एकच, पण ‘प’ बारीक आणि ‘ब’ दाबून जाड. घाईत स्वर गाळतात, म्हणून एकीने लिहिलेलं दुसरीला लागेलच असं नाही. तरी अर्धं नक्की लागेल. ही लिपी वाचणारी एखादी निवृत्त स्टेनो तुमच्या वसाहतीत किंवा पालघरच्या जुन्या टायपिंग क्लासात मिळू शकेल. चहाला बोलवा आणि वही पुढे ठेवा. पेन्सिलीच्या जाड-बारीक रेघा पुसट होत जातात, तेव्हा आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि वही लॅमिनेट करायच्या फंदात पडू नका.

तोवर एक शब्द तुम्हीच शोधा. डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी जाड तिरकी रेघ, तिच्या सुरुवातीला छोटा आकडा आणि शेवटी इवलंसं वर्तुळ. तो ‘ब्रास’. सापडला तर आम्हाला जरूर कळवा.