उरलेले अन्न, दान आणि कर

दान ही दहा पारमितांपैकी एक, हे आपण जाणतो. परंतु कायदा दानाकडे कसा पाहतो, हेही विद्यार्थ्यांनी अभ्यासिले पाहिजे.

परळच्या टाटा व के. ई. एम. रुग्णालयांबाहेर रुग्णांचे नातेवाईक पदपथावर दिवस काढतात. जवळच दादर-लालबागच्या दुकानांत मुदत संपत आलेला, पण खाण्याजोगा माल उरतो. दुकानदार तो देत का नाही?

कारण हिशेबात आहे. 1961 च्या आयकर कायद्याने 80-जी कलमाची सवलत केवळ पैशाच्या देणगीला दिली. वस्तुरूप दानाला नाही. 2017 च्या वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 17(5) प्रमाणे नष्ट केलेल्या वा मोफत दिलेल्या मालाच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे माल कचऱ्यात टाका वा भुकेल्यास द्या, कायद्याला दोन्ही सारखेच! शिवाय दान केल्यास वाहतुकीचा खर्च अंगावर.

फ्रान्सने 2016 साली 400 चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना सेवाभावी संस्थांशी करार करणे बंधनकारक केले. तेथे दिलेल्या मालाच्या मूल्यावर 60 टक्के करसवलतही आहे.

आपल्याकडे 2019 च्या अन्न सुरक्षा विनियमांनी शिल्लक अन्नवाटपाचे नियम घातले. करसवलत मात्र दिली नाही. तिची मागणी संघटितपणे केली पाहिजे. त्याचबरोबर एक भानही हवे: नासलेले देणे हे दान नव्हे, तो घेणाऱ्याचा अपमान होय. आपण स्वतः खाऊ तेच द्यावे.

जय भीम!