पाळी जाताना : गोंदियाजवळच्या मुर्रीतून काही गोष्टी

1. पुसाच्या थंडीत, गाव गोधडीत गुरफटलेलं असताना मध्यरात्री अंगातून वाफा निघतात, मान-पाठ घामाने भिजते. इस्ट्रोजेन कमी-जास्त होऊ लागलं की मेंदूतलं शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं आणि जराशा उबेनेही घाम फोडतं. हे कारण समजलं, तेव्हा माझी अर्धी भीती गेली. नवऱ्यालाही सांगितलं. घरात सांगावंच; चिडचिड होते ती स्वभाव बिघडला म्हणून नव्हे, झोप मोडते म्हणून.

2. तारखा कॅलेंडरवर लिहा. सलग 12 महिने पाळी आली नाही, तर ती गेली असं धरतात. आपल्या देशात हे वयाच्या 46-47 च्या आसपास घडतं. चाळिशीच्या आतच थांबली, तर तपासणी हवी.

3. जवसाची चटणी आपल्या घरोघरी असतेच. भाजून कुटलेलं जवस रोज एक-दोन चमचे खावं. अख्खा दाणा बराचसा न पचताच बाहेर पडतो. जवसातले लिग्नान नावाचे घटक इस्ट्रोजेनसारखं, पण फार सौम्य काम करतात. जवसाने वाफा थांबतातच, असं मी कुणालाही सांगत नाही. पोट मात्र साफ राहतं. आपला मुलूख धानाचा, दोन्ही वेळा भात. तो सोडू नका, थोडा कमी वाढून घ्या आणि त्या जागी तुरीचं घट्ट वरण, वालाच्या शेंगा, शेवग्याची भाजी येऊ द्या. पाळी गेल्यावर हाडं वेगाने झिजतात, म्हणून तीळ आणि दूध-दही हवंच.

4. शतावरी, अश्वगंधा वैद्यांना विचारूनच घ्या. अश्वगंधेने थायरॉईड हार्मोनचं प्रमाण वाढू शकतं, साखर उतरू शकते; काहींच्या यकृतालाही त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. थायरॉईडची किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बाईने शतावरीही मनाने घेऊ नये. बाजारातल्या बिननावाच्या पुडीला तर हातच लावू नका.

5. रोवणीत कंबर मोडेपर्यंत राबलो म्हणजे व्यायाम झाला, असं आम्ही सगळ्याच म्हणतो. पण रोवणी हंगामापुरती. हाडांना वर्षभर चालणं लागतं, तेही भराभर, सकाळच्या उन्हात.

6. थकवा, वजन, केस गळणं या सगळ्याचा दोष पाळीवर टाकू नका. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि ‘पिशवी काढून टाका, कटकट जाईल’ असं कुणी म्हटलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. पिशवीसोबत अंडाशयही काढले, तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एकदम अंगावर येतो.

7. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी काढा-चूर्ण बाजूला ठेवा. बहुतेकदा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूणही हीच असते. गोंदियाला बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहे, मुर्रीहून लांब नाही. त्याच आठवड्यात जा, आणि एकटीला जायला संकोच वाटला तर शेजारणीला सोबत न्या.