वाण वाटल्याने वाढते

प्रस्तावना

पावसाळ्याच्या तोंडावर अंगणात, गच्चीवर किंवा खिडकीतल्या कुंडीत काही तरी पेरावे, असे तुम्हांलाही कधी वाटले असेल. अशा वेळी आपण बहुधा दुकानातून बियाणे आणतो. परंतु बियाणे मिळण्याची याहून जुनी अशी एक वाट आहे. पूर्वी ते शेजाऱ्याकडून किंवा माहेरच्या परसातून येई. आता अनेक शहरांतील बागप्रेमी मंडळेही आपल्या सभासदांमध्ये बियाण्यांची देवाणघेवाण घडवून आणतात. विनामूल्य मिळणाऱ्या या चिमूटभर बियाण्यामागे कोणाचे आणि कसे श्रम असतात, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• बियाणे राखण्याच्या व वाटण्याच्या कामातील टप्पे सांगता येतील;
• बियाण्यावरील नोंद अचूक असणे का आवश्यक आहे, ते स्पष्ट करता येईल;
• देवाणघेवाणीमुळे वाण कसे टिकतात, हे उदाहरणांसह लिहिता येईल;
• ‘वाण’ या शब्दाच्या अर्थच्छटा ओळखता येतील.

मूळ पाठ

१. दोन तासांचा मेळावा

मे महिन्याच्या अखेरीस बागप्रेमी मंडळाचा बीजमेळावा भरतो. लांबट टेबलांवर कागदाच्या लहान लहान पुड्या ओळीने मांडलेल्या असतात. वाल, पावटा, भेंडी, दोडका, लाल माठ, झेंडू अशी नावे त्यांवर लिहिलेली असतात. लोक येतात, पुड्या निवडतात, वहीत नाव लिहून निघून जातात. दोन तासांत टेबले रिकामी होतात. पाहणाऱ्याला वाटते, काम एवढेच! प्रत्यक्षात ते सात-आठ महिने आधी सुरू झालेले असते.

त्याची सुरुवात होते वेलावर. ज्याला बी राखायचे आहे, त्याला सर्वांत चांगल्या शेंगा खाण्याचा मोह आवरावा लागतो. निरोगी वेल हेरायचा, त्याच्या भरदार शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या आणि उरलेल्या भाजीला घ्यायच्या, ही जुनी रीत आहे. प्रत्येक पिकाची तऱ्हा मात्र वेगळी असते. भेंडीची बोंडे झाडावर करकरीत वाळावी लागतात. टोमॅटोचे बी गरासकट दोन-तीन दिवस आंबवून, धुऊन, सावलीत वाळवावे लागते. आंबवल्याने बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण सुटते. दोडका वेलावर पार सुकून आत बिया खुळखुळू लागल्या, म्हणजे तो उतरवायचा.

२. नाव नसलेली पिशवी

हिवाळा सरला, की स्वयंसेवकांचे काम सुरू होते. मंडळातील कोणा एकाच्या घरी पिशव्या, डबे, जुनी पाकिटे येऊन पडतात. कोणी शेंगा तशाच पाठवतो, कोणी मातीखड्यांसह बी पाठवतो. ते सोलायचे, सुपात पाखडायचे, चाळायचे. कडधान्याच्या बियांना भुंग्याने भोक पाडले आहे का, ते पाहायचे. ओलसर बी पुन्हा वाळवायचे. ठरावीक मर्यादेत बियाण्यातील ओलावा एक टक्क्याने घटला, की त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे. कोरडेपणा आणि गारवा हेच बियाण्याचे खरे रक्षक होत.

त्यानंतर उगवण तपासायची. मोजून बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या आणि काही दिवसांनी कोंब मोजायचे. पन्नासांपैकी चाळीस उगवल्या, तर उगवण ८० टक्के. कांद्याच्या बियाण्याची उगवणशक्ती साधारण वर्षभरातच ओसरू लागते, तर टोमॅटोचे बी नीट ठेवल्यास चार-पाच वर्षेही उगवते. म्हणून बी कोणत्या वर्षीचे आहे, हे कळल्याशिवाय पुडी बांधता येत नाही.

येथेच या कामातील खरी कसोटी लागते. हौसेने पाठवलेल्या एखाद्या पिशवीवर काहीच लिहिलेले नसते. बी टपोरे असते, देणारा आपुलकीचा असतो. पण वाण कोणता, कोठला, कोणत्या वर्षीचा, हे सांगणारे कोणी नसते. स्वयंसेवक फोन करून विचारतो. उत्तर मिळाले नाही, तर ती पिशवी बाजूला ठेवतो. अंदाजाने नाव लिहिणे सोपे असते. परंतु त्या अंदाजावर विसंबून दुसरा कोणी आपली जागा, पाणी आणि एक अख्खा हंगाम खर्ची घालणार असतो. ‘पेरावे तसे उगवते’ ही म्हण खरीच. पण आपण काय पेरतो आहोत, हे पेरणाऱ्याला केवळ पुडीवरच्या अक्षरांवरून कळते.

३. गोड दुधी आणि कडू भोपळा

चुकीची नोंद कधी कधी केवळ निराशेवर थांबत नाही. खाण्याचा दुधी आणि वीणा-तंबोऱ्यासाठी वापरला जाणारा कडू भोपळा हे एकाच वनस्पतीचे प्रकार आहेत. दोन्ही वेल जवळ असले, तर कीटक एकाचे पराग दुसऱ्यावर नेतात. त्या वर्षी दुधी गोडच लागतो, कारण फळाचा गर मूळ वेलाचाच असतो. मिश्रण झालेले असते आतल्या बियांत. पुढच्या वर्षी त्या बियांपासून कडू फळे निघू शकतात आणि कडू दुधी विषारी असतो. तो मुळीच खाऊ नये.

यासाठी जाणती मंडळे बी देणाऱ्याला प्रश्न विचारतात: जवळपास दुसऱ्या जातीचा वेल होता का? फूल उमलण्याआधी बांधून ठेवून हाताने परागण केले होते का? वाल किंवा चवळीच्या बाबतीत ही चिंता कमी असते, कारण त्यांचे परागण बहुतांशी त्याच फुलात होते. बी संकरित वाणाचे असेल, तर तसे स्पष्ट नमूद करावे लागते. कारण संकरित पिकाचे बी पुन्हा पेरल्यास मूळ गुण जसेच्या तसे उतरत नाहीत.

४. आजोबांचे बी

एवढा खटाटोप कशासाठी? या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील आयोवा राज्यात सापडते. डायेन ऑट व्हीली यांना त्यांच्या आजोबांनी दोन प्रकारचे बी दिले. एक होते जांभळ्या फुलांच्या मॉर्निंग ग्लोरी या वेलाचे आणि दुसरे गुलाबी टोमॅटोचे. आजोबांच्या वडीलधाऱ्यांनी ते एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातून सोबत आणले होते. बी दिल्यानंतर काही काळाने आजोबा वारले. आता हे वाण जगणे न जगणे केवळ आपल्या हाती आहे, हे डायेन व त्यांचे पती केंट यांच्या ध्यानी आले. एका घराण्याचा वाण एकाच मुठीत उरला होता.

१९७५ मध्ये या दांपत्याने बी राखणाऱ्या बागकर्त्यांना पत्रांद्वारे जोडण्यास आरंभ केला. आपल्याजवळ कोणते बी आहे, हे प्रत्येकाने कळवायचे. त्याची सूची छापून सर्वांना पाठवायची. हवे असेल त्याने देणाऱ्याशी पत्रव्यवहार करायचा. या छोट्या आरंभातून ‘सीड सेव्हर्स एक्सचेंज’ ही संस्था उभी राहिली. आज तिच्या संग्रहात २०,००० हून अधिक वाण आहेत, आणि आजोबांचा वेल असंख्य अनोळखी लोकांच्या कुंपणावर फुलतो. तो वाचला, कारण तो वाटला गेला.

५. कोंभाळण्याची रीत

हीच गोष्ट महाराष्ट्राच्या मातीत वेगळ्या रूपाने घडली. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे हे डोंगराळ भागातील गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे यांना शाळेत जाता आले नाही. रासायनिक खते व फवारण्यांवर वाढलेल्या भाज्या घरच्यांच्या प्रकृतीला बाधतात, असे त्यांना जाणवू लागले. त्यांनी गावोगावच्या बायकांकडून वाल, भात, भाज्या यांचे गावरान बी मागून आणले, परसात लावले आणि मडक्यांतून जतन केले. पुढे बायफ या संस्थेच्या साह्याने त्यांची बियाणे बँक उभी राहिली.

या बँकेचा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. जो बी नेईल, त्याने पीक आल्यावर दुप्पट बी परत करायचे. पैसा मध्ये येत नाही. परंतु जबाबदारी येते. नेणाऱ्याला बी राखण्याची विद्या शिकावीच लागते. राहीबाईंना ‘बीजमाता’ या नावाने ओळखले जाते. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

भारतीय कायद्यानेही या रीतीला मान्यता दिली आहे. वनस्पतींचे वाण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांच्या संरक्षणासाठी २००१ मध्ये झालेल्या कायद्यानुसार शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, वाटण्याचा, बदलून घेण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. मात्र संरक्षित वाणाचे बी छापील व्यापारी नावाने विकता येत नाही.

६. वही

बीजमेळावा संपतो, टेबले आवरली जातात. स्वयंसेवकाजवळ उरते एक वही. कोणते बी कोणाकडून आले आणि कोणाकडे गेले, याची नोंद तीत असते. पुढे कधी गारपिटीने एखाद्याचा वेल गेला, घर बदलताना बियाण्याचा डबा हरवला किंवा बी राखणारी आजी निवर्तली, तर ही वही उघडली जाते. कोकणातल्या परसातील वाल दोन वर्षांपूर्वी इंदूरला गेला होता, हे तीत सापडते. एक पत्र जाते आणि मूठभर बी माघारी येते.

मराठीत ‘वाण’ म्हणजे पिकाची जात. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुवासिनी परस्परांना देतात, तेही वाणच. शब्दांची व्युत्पत्ती काही असो. बियाण्यांच्या देवाणघेवाणीत मात्र हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. या कामात टाळ्या नसतात, मानधन नसते. पुडीवर देणाऱ्याचे नाव असते. पाखडणाऱ्याचे, मोजणाऱ्याचे, चूक टाळण्यासाठी चार वेळा फोन करणाऱ्याचे नाव नसते. तरीही पुढच्या उन्हाळ्यात पिशव्या येऊ लागतात आणि तेच हात पुन्हा सूप घेऊन बसतात.

शब्दार्थ

परस – घरामागील मोकळी जागा
पाखडणे – सुपात घालून कचरा वेगळा करणे
परागण – पराग फुलातील स्त्रीकेसरावर पोहोचणे
संकरित – दोन भिन्न वाणांच्या संयोगातून तयार केलेले
गावरान – मूळचे स्थानिक
निवर्तणे – मृत्यू पावणे
व्युत्पत्ती – शब्दाचे मूळ

पाठगत प्रश्न

एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. टोमॅटोचे बी आंबवून का घेतात?
२. बियाण्याची उगवण कशी तपासतात?
३. कोंभाळणे येथील बियाणे बँकेचा नियम कोणता?

तुम्ही काय शिकलात?

• बियाण्याची देवाणघेवाण ही वर्षभराच्या निरपेक्ष श्रमांवर उभी असते.
• नाव, ठिकाण आणि वर्ष यांची खरी नोंद हा या व्यवहाराचा पाया आहे.
• एकाच घरी असलेला वाण सहज नाहीसा होतो. अनेकांकडे गेलेला वाण टिकतो.

स्वाध्याय

१. ‘अंदाजाने नाव लिहिणे सोपे असते’ या विधानामागील धोका पाठाच्या आधारे आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.
२. आयोवा आणि कोंभाळणे येथील प्रयत्नांतील साम्य व भेद लिहा.
३. ‘वाण’प्रमाणे दोन अर्थ असलेले पाच मराठी शब्द शोधा व वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या घरातील किंवा शेजारातील वडीलधाऱ्या व्यक्तीला पूर्वी बियाणे कसे राखत, हे विचारा. त्यांनी सांगितलेली माहिती, बियाण्याचे स्थानिक नाव आणि ठिकाण यांसह आपल्या वहीत नोंदवा.