या खेपेला नाही

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लेख लिहावा याचे काही मित्रांना नवल वाटेल. परंतु यंदा आम्हांला संगणकाचा एक लहान अभ्यासक्रम होता. त्यातील 'गरजांचा अग्रक्रम' हा धडा मला फार ओळखीचा वाटला.

सॉफ्टवेअर तयार करण्यापूर्वी, ते ज्यांना वापरायचे त्यांना विचारतात : काय काय हवे? यादी होते, आणि ती हाती असलेल्या वेळेपेक्षा व पैशापेक्षा नेहमीच मोठी असते. प्रत्येक जण म्हणतो, माझे आधी. सगळेच आधी म्हटल्यावर काय होते ते लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने पाहिले. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी तेथे दूरध्वनीची नोंद, गाड्यांचा ठावठिकाणा, गाडीची निवड ही सारी कामे नव्या यंत्रणेवर एकदम सुरू झाली. गाडी कोठे आहे हेच यंत्राला बरोबर कळेना. एका रुग्णाकडे दोन दोन गाड्या, तर दुसरा वाट पाहत बसलेला. दुसऱ्याच दिवशी निम्मे काम पुन्हा हाताने करावे लागले आणि ४ नोव्हेंबरला यंत्रणा बंदच पडली. कारणे अनेक होती. पण सर्व एकाच दमात करण्याच्या हट्टावर चौकशी अहवालाने १९९३ मध्ये बोट ठेवले. पुढची यंत्रणा १९९६ मध्ये टप्प्याटप्प्याने आली.

१९९४ साली ऑरेकल कंपनीतील डाय क्लेग यांनी गरजांचे चार गट सुचवले : हवेच, हवे, जमल्यास, आणि या खेपेला नाही. इंग्रजी आद्याक्षरांवरून या पद्धतीला 'मॉस्को' म्हणतात. रशियाशी तिचा काही संबंध नाही! 'हवेच'ची कसोटी कडक आहे. ती गोष्ट नसेल तर बाकीचे देण्यात अर्थ उरतो का? उरत असेल, तर ती 'हवेच' नव्हे. या पहिल्या गटाने एकूण श्रमांपैकी ६० टक्क्यांहून अधिक खाऊ नयेत, असाही संकेत आहे. म्हणजे वेळ अपुरा पडला तर सोडायला काही उरते.

आमच्या आईला लिहिता येत नाही. बाजाराची यादी चौथीपासून मीच लिहितो. पैसे मोजून झाले की ती एकेक जिन्नस खोडायला लावते. साखर अर्धी होते, साबण पुढच्या बाजारी. बाबांची रक्तदाबाची गोळी मात्र कधी खोडली नाही. हा धडा तिला कोणी शिकवला नव्हता.

पण मी अडलो तो चौथ्या गटापाशी. त्यातल्या गोष्टी टाकून देत नाहीत, लिहून ठेवतात. मी दहावीत असताना ताई बारावी झाली. दोघांच्या शिक्षणाचा खर्च झेपणारा नव्हता. "तुझं पुढच्या वर्षी बघू," बाबा तिला म्हणाले. ते कोणी कोठे लिहिले नाही. पुढच्या वर्षी विषय निघाला नाही, आणि खरे सांगायचे तर मीही तो काढला नाही. ताई शिवणकाम करते. माझी परीक्षा फी त्यातूनच जाते.

दिवाळीत तिला हे सारे समजावून सांगितले. काजे करता करता तिने विचारले, "ती चौथी यादी परत कधी काढतात रे?"

"दर खेपेच्या सुरुवातीला."

"मग आपली खेप कधी?"

मुक्त विद्यापीठाचे माहितीपत्रक मी आणले आहे. ते सध्या शिलाई मशीनच्या खणात आहे.