इतिहास-पाठ : देवगिरीचा किल्ला

यादव राजा पाचवा भिल्लम ह्याने बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरी येथे राजधानी वसविली. सपाटीवर एकाकी उभा असलेला तो उत्तुंग डोंगर बळाने जिंकणे महाकठीण होते. तथापि १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी अकस्मात चालून आला, तेव्हा युवराज सैन्यासह दूर होता. धान्य समजून मिठाची पोती गडावर नेली गेली, अशी कथा सांगतात. अखेर रामदेवरायास तह करावा लागला. १३२७ साली महंमद तुघलकाने तेथे राजधानी नेली. तीही टिकली नाही. आज तेथे कातळातील खंदक, भग्न तट व चांदमिनार पाहावयास मिळतात.

शिक्षकांनी केवळ सने पाठ करून न घेता ‘एवढा बळकट गड का नमला?’ हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा आणि उत्तर त्यांच्याकडूनच काढून घ्यावे.